नावं ठेवलेले डबे

जुन्या मोटारीचं इंजिन दोघांनी मिळून उघडलं, तेव्हा बायकोने एकेक भाग डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली. ‘लांब नाकाचा.’ ‘वाकडा, तुमच्यासारखा.’

“अगं, नावं कसली ठेवतेस?”

“तुम्हाला जन्मभर ठेवली, यांना का सोडू?”

ती गेल्यावर वर्षभर डब्यांना त्याने हात लावला नाही. मग एकेक चिठ्ठी वाचत इंजिन जोडत आणलं. शेवटच्या डब्यात एक बारीक स्प्रिंग उरली. तिच्याशिवाय इंजिन चालू होणार नव्हतं, आणि ती कुठून काढली होती हे त्याला काही केल्या आठवेना. त्याने चष्मा पुसला आणि डबा फिरवून चिठ्ठी वाचली.



‘ही कुठे बसते, ते मला विचारा.’