सारवलेली ओसरी

"सर, शेणाला कोणता रंग द्यायचा?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून कस्तुरीने विचारलं आणि वर्ग फिदीफिदी हसला. चित्रकलेचे सर मात्र म्हणाले, "ताजं की वाळलेलं? घरी जाऊन बघ."

घरी आई ओसरी सारवत होती. तिच्या हाताखाली शेण भिजवलेल्या मेंदीसारखं हिरवं, तर ऊन लागलेल्या कडेला बाजरीच्या भाकरीसारखं खरपूस दिसत होतं. कस्तुरी चपला हातात घेऊन बघतच राहिली.

"पाय नको देऊस गं, ओलं आहे," आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येतेय तुझी फरशी."

मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटते, म्हणून फरशीचा हट्ट तिनेच धरला होता.

संध्याकाळी बाबा मापं घेऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, "फरशी न्हाणीत बसवा, बाबा. ओसरी रविवारी मी सारवणार, मैत्रिणी यायच्या आत."