पिंजऱ्यातला चेहरा

“सगळं जमतंय बेटी, तुला नाकच जमंना,” चित्रकलेचे करीम मास्तर म्हणायचे. त्यांच्याच विलायती पुस्तकातल्या व्यंगचित्रात हरलेल्या नेपोलियनला पिंजऱ्यात कोंबून लोक खिदळत होते. निजाम शरण आला आणि मी त्याचं तसंच चित्र झोकात काढलं, फक्त टोपी रूमी! थोरल्या अण्णानं ते चावडीवर चिकटवलं. मी नुसती मिरवत होते! तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “ह्यो तर करीम मास्तर! घाला पिंजऱ्यात!” खरंच की. निजाम मी कुठं बघितलेला? रूमी टोपीखालचा एवढाच चेहरा मला ठाऊक. “मास्तर न्हाईत ते, निजाम हाय!” मी घसा फोडून सांगितलं, पण घोळक्यानं चित्र मास्तरांच्या दारावर ठोकलं, दगड हाणले. सकाळी मास्तरांचं बिऱ्हाड बैलगाडीत चढलं. मी रडत पोचले. बोडक्या डोक्यानं मास्तर चित्र निरखत होते. म्हणाले, “नाक जमलं की, बेटी.”