डॉमिनियन रोडची ट्राम

नितीशने हँडल फिरवलं आणि ट्राम हलली. आतल्या बाकांवर टाळ्या वाजल्या. म्युझियमच्या जुन्या ट्रामवर आज तो पहिल्यांदाच प्रवासी घेऊन निघाला होता.

पहिल्याच बाकावर त्याची आई, उर्मिलाबाई, बसल्या होत्या. त्या नुकत्याच कराडहून इथे परदेशी लेकाकडे आल्या होत्या. शेजारी सून नीता.

"पाठमोरा काढ गं त्याचा एक फोटो," त्या म्हणाल्या. "टोपी दिसू दे."

नीताने फोटो काढला. मग फोन खाली ठेवून ती पुन्हा नवऱ्याच्या खांद्यांकडे बघत राहिली. बाहेर तळं आलं होतं, हंस दिसत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

नितीशला ट्राम शिकवणारा म्हातारा कॉलिन आज कंडक्टर होता. दोन बाकांच्या मधे उभा राहून तो लोकांना सांगत होता, "माझे वडील याच शहरात, डॉमिनियन रोडला, ट्राम चालवायचे. तेव्हा ड्रायव्हर असा लोकांतच उभा. कामावर जाणारी माणसं त्याच्याजवळ उभी राहून गप्पा मारायची, त्याला सिगारेट पेटवून द्यायची. छप्पन्न साली ट्राम बंद झाल्या. रूळ गेले, रस्त्यावर डांबर आलं. डबे विकून टाकले. कुणी समुद्राकाठी नेऊन त्यांची घरं केली, कुणी त्यात कोंबड्या पाळल्या."

"बंद का केल्या पण?" कोणीतरी विचारलं.

"बस आल्या. गाड्या आल्या. आता मधे मधे सांगतात, पुन्हा रूळ टाकू म्हणून. मग सरकार बदलतं." लोक हसले. कॉलिनने पुढे बोट दाखवलं. "आणि हा आपला नितीश. त्याच रस्त्यावर कित्येक वर्षं बस चालवायचा. म्हणजे माझ्या वडिलांचीच लाइन म्हणा ना."

उर्मिलाबाईंना इंग्रजी बऱ्यापैकी कळत होतं. त्यांनी मान ताठ करून मागच्या बाकांवर एक नजर फिरवली.

मागून एक धिप्पाड माणूस उठला. त्याच्या कडेवर लहान मुलगी होती. तिला घंटा वाजवायची होती. तो हसत हसत पुढे आला आणि त्याने नितीशच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे, ब्रो..."

नितीश मटकन खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो ओरडला, "नको! डोक्यात नको!"

तो मराठीत ओरडला होता. ट्राममधल्या दोघींनाच ते कळलं.

कॉलिन धावत पुढे आला आणि त्याने ब्रेक आवळला. ट्राम गचका खाऊन थांबली. कुणाची तरी पाण्याची बाटली बाकांखालून गडगडत गेली.

"सॉरी ब्रो. मी फक्त... सॉरी." त्या माणसाचा चेहरा उतरला होता. मुलगी रडायला लागली.

"नीता, काय आहे हे?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

नीता वाकून ती बाटली उचलायला लागली.

"मी तुला विचारतेय."

"बसमध्ये मारलं होतं त्याला, आई. शेवटचा स्टॉप आला, उतरा म्हणाला, म्हणून. मागून मारलं."

"कधी?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये तुम्ही मला सांगितलंत, कपाटाचं दार लागलं. त्याचे टाके आहेत म्हणून."

"तोच म्हणाला, आईला सांगू नकोस. तुमचं बीपी..."

"आणि बस सोडली ती? कंटाळा आला म्हणाला होता."

नीताने नकारार्थी मान हलवली. "चढवतच नव्हतं त्याला बसमध्ये. दाराशी जायचा आणि परत यायचा."

नितीश उठून उभा राहिला. पडलेली टोपी त्याने उचलली, पण डोक्यावर घातली नाही. कॉलिन हलक्या आवाजात म्हणाला, "मी नेतो पुढे. तू आत जाऊन बस. पुढच्या रविवारी बघू."

नितीश हँडलपासून बाजूला झाला.

उर्मिलाबाई उठून त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या केसांत बोटं घालून त्यांनी चाचपलं. कानामागे ती जाडसर रेघ लागली. त्यांचा हात तिथेच थांबला.

"घरी चल," त्या म्हणाल्या. "कशाला करायचंय हे? पोटाला काय कमी पडतंय?"

"आई, आज आत जाऊन बसलो ना..." त्याने हातातली टोपी फिरवली. "मग मी कधीच काही चालवणार नाही गं."

कॉलिन उर्मिलाबाईंना म्हणाला, "मॅडम, प्लीज, जागेवर बसा."

त्या बसल्या नाहीत. लेकाच्या हातातली टोपी घेऊन त्यांनी ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली. मग पदर खोचला, त्याच्याकडे पाठ केली आणि दोन्ही हात पसरून वाटेत उभ्या राहिल्या.

"चालव तू," त्या म्हणाल्या. "मागचं मी बघते."

कॉलिन क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोरी ओढली. घंटा दोनदा वाजली.

नितीशने हँडल फिरवलं. ट्राम हलली. उर्मिलाबाईंचा तोल गेला. त्या सावरल्या, तरी मागे वळल्या नाहीत. समोरच्या बाकांवरच्या एकेका माणसाकडे त्या डोळे न हलवता बघत राहिल्या.

त्या धिप्पाड माणसाने मुलीला मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली.