सिस्टर, आधी बीपी बघा

न्यांबुराच्या बाळंतपणाला दीड दिवस झाला होता. मुलगी गुटगुटीत होती, पण आईचं डोकं सकाळपासून फुटत होतं. तिने तीनदा सांगून पाहिलं. सिस्टर दर वेळी "रेस्ट, रेस्ट" म्हणून पाठ फिरवायची. शेवटी ती आयाबाईंना मराठीत म्हणालीच, "या आफ्रिकन बायका चांगल्या दणकट असतात हो. नुसती नाटकं!"

केनियाहून आलेली न्यांबुरा सात वर्षं पुण्यातल्या शाळेत गणित शिकवत होती. ती उशीला टेकून उठून बसली.

"सिस्टर, दणकट मी आहे, माझं डोकं नाही," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "डोळ्यांसमोर काजवे चमकताहेत. आधी बीपी बघा. मग नाटक वाटलं, तर खुशाल टाळ्या वाजवा."

आयाबाईंना हसू आवरेना. सिस्टरने ओशाळून दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघताच तिचा चेहरा उतरला. एकशेऐंशी! ती धावतच डॉक्टरांना घेऊन आली.

"आणखी उशीर झाला असता तर झटका आला असता," इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की, तीनदा. इंग्रजीत."

सिस्टरने मान खाली घातली. संध्याकाळी ती स्वतःहून खुर्ची ओढून न्यांबुराजवळ बसली. "ताई, आता कसं वाटतंय? सगळं सांगा."

न्यांबुरा सांगू लागली, तसा शेजारच्या खाटेवरून, दिवसभर गप्प असलेल्या पारधी बाळंतिणीचा दबका आवाज आला, "सिस्टर, त्यांचं झालं की माझंबी ऐका."