मुरलेली गोळी

आई गेली त्या सकाळी तिने बाबांच्या डबीत हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या साठ गोळ्या भरल्या होत्या. त्रेचाळीस दिवसांनी मी मोजल्या, तर साठच्या साठ.

"बाबा, एकही घेतली नाहीत तुम्ही?"

"कशाला घेऊ? तिच्या मागोमाग निघायचं म्हणतोय, तर हे हृदय बेटं ऐकतच नाही."

"हे औषध चरबीत मुरतं, बाबा. बंद केलं तरी निम्मं उतरायला दोन-दोन महिने लागतात."

"आणि तुझी आई? चष्मा पुसता पुसता गेली."

त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली.

 

बहात्तर. एकही ठोका चुकलेला नव्हता.