कोरडी जोडी

शिट्टी वाजली आणि तलावभर हात वर आले.

नियमच तसा होता. शिट्टी ऐकली की जे चाललं असेल ते सोडायचं, आपली जोडी शोधायची, तिचा हात धरायचा आणि दोघांचे हात मिळून वर करायचे. जोडी सापडली नाही तर जोरात ओरडायचं. पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या वर्गात पोहण्याआधी हे यावं लागे.

उथळ बाजूला एक मुलगी एकटीच हात वर करून उभी होती. वर्गातल्या मुलांची संख्या विषम होती आणि ती शाळेत सगळ्यांच्या मागून आली होती. तिने मान वर केली. उंच खुर्चीवर बसलेल्या जीवरक्षक ताईने आपला हात वर केला. झाली जोडी.

"हिची जोडी नेहमी कोरडीच," शेजारची एक म्हणाली. तिच्या जोडीदारणीला हसू फुटलं.

मुलगीही हसली, पण वर बघत. ताईने हात जरा हलवला. तलावावर शाळा येत, शाळा जात. त्या खुर्चीकडे बघून हात वर करणारं दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात काठावरच्या सरांनी कपड्यांसकट पाण्यात उडी मारली.

तलावाचा तळ जिथून खोल होऊ लागतो तिथे दोरी बांधलेली होती. दोरीजवळ एक मुलगा दोन्ही हात वर करून उभा होता. दोन्ही त्याचेच. त्याची जोडी पाण्याखाली होती. मित्र श्वास रोखून गंमत करतोय, त्याला ओरडा बसू नये म्हणून दोघांचे हात आपणच वर केले, असं तो नंतर रडत रडत म्हणाला.

हात दोन, डोकं एक. खुर्चीवरून हे स्वच्छ दिसतं. बघितलं तर.

ताई शिडी उतरून पोचेपर्यंत सरांनी बुडालेल्या मुलाला काठावर आणून कुशीवर वळवलं होतं. तो खोकला, पाणी ओकला आणि मोठ्याने रडायला लागला. त्या रडण्याने सगळ्यांच्या जिवात जीव आला. तरी सरांनी त्याला टॉवेलात गुंडाळून वर्गशिक्षिकेबरोबर लगेच डॉक्टरकडे पाठवलं. बाकीची मुलं काठावर पाय पोटाशी घेऊन बसली. कोणी कोणाला चिडवत नव्हतं.

सर ओल्या कपड्यांनीच ताईजवळ आले. आवाज चढवला नाही.

"शिट्टी वाजल्यावर तुमची नजर आधी कुठे जाते?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "तिच्याकडे," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"हात वर करेपर्यंत." मग तिने स्वतःच पुढे जोडलं, "आणि ती हसेपर्यंत."

सरांनी शर्टाची बाही पिळली. तिला एकटं वाटू नये म्हणून ही जोडी आपणच लावून दिली, चूक आपली आहे, असं ते म्हणाले. मग एवढंच म्हणाले, "खुर्चीला जोडी नसते, ताई."

"हो," ताई म्हणाली.

आजचं पोहणं बंद, असं सरांनी मुलांना सांगितलं. पण भीती घेऊन कोणी घरी जायचं नाही. उथळ पाण्यात उतरायचं आणि एकदा शिट्टीचा सराव करून बाहेर यायचं. ज्याची जोडी डॉक्टरकडे गेली होती त्याला ते स्वतःच्या शेजारी घेऊन उभे राहिले. एकट्या मुलीला त्यांनी त्या हसणाऱ्या दोघींमध्ये दिलं. तिघींची कशी जोडी, असं त्यातल्या एकीने विचारलंच. आजपासून असते, म्हणाले सर.

मुलगी पाण्याकडे जाता जाता शिडीपाशी थांबली. ताई दुसऱ्या पायरीवर होती.

"मग तुमच्या जोडीला कोण?"

"मला कशाला जोडी? मी कुठे पाण्यात असते?"

मुलीने यावर विचार केला. तिला ते पटलं असावं. ती गेली.

ताई वर जाऊन बसली. तिने डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली: डोकी, हात, डोकी, हात, दोरीपर्यंत आणि परत.

शिट्टी वाजली. मुलं एकमेकांकडे धावली, पाणी उडालं, हात वर आले. तिघींचे हातही वर आले, एकमेकींत घट्ट अडकलेले. मुलगी त्या दोघींकडे बघून हसत होती. खुर्चीकडे तिने पाहिलं नाही.

ताईची नजर तिथे थांबली नाही, पुढे सरकली. दोरीपर्यंत जाऊन परत फिरली. मग तिला आपला हात दिसला. तो खांद्याच्या वर गेला होता.

तिने तो तसाच कपाळाशी नेला आणि उन्हाला आड धरतात तसा डोळ्यांवर धरला. तलावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत छप्पर होतं.