वरातीतला क्लच

"जयका वास येऊन राह्यला," नवरदेव सचिन म्हणाला.

"मले नाक आहे, दादा," रोशनी म्हणाली आणि तिनं ब्रेक दाबला.

लाल गाडी थांबली. पुढे बँडवाले वाजवत राहिले, मागे वऱ्हाडी ओरडायला लागले. पवनारच्या पुलाच्या अलीकडे, सकाळच्या कडक उन्हात, अशी ती थांबण्याची कितवी वेळ होती कोण जाणे.

गाडी रोशनीच्या भावाची, रुपेशची. दोनच सीटची, जमिनीला चिकटलेली, नागपूरहून खास चुलतभावाच्या वरातीसाठी आणलेली. तिला क्लचचं पेडल नव्हतं. क्लच होता, पण तो दाबायचं काम गाडी स्वतःच करायची. म्हणून तर गोची! गाडी रांगायला लागली की आतला क्लच ना धड धरायचा, ना धड सोडायचा. नुसता घासायचा, तापायचा. आणि वरात म्हणजे रांगणंच की! शर्यतीचा बैल घाण्याला जुंपावा तसला प्रकार.

"क्लच जयला तं गाडी जागेवर बसन," किल्ली देताना रुपेशनं बजावलं होतं. रोशनीचं लायसन जेमतेम महिन्याचं, पण गाडी मीच चालवीन म्हणून ती हटून बसली होती.

काचेवर टकटक झाली. सचिनचे वडील, पुंडलिकराव. फेट्याचं टोक हवेत.

"काऊन थांबून राह्यली वो घडी घडी? माणसाच्या चालीनं घे नं हळूहळू!"

"मोठेबाबा, हळू घेतली का क्लच जयते हिचा."

"आमच्या ट्रॅक्टरचा तं कधी जयला नाई!"

रोशनी गोड हसली. बँड बराच पुढे जाऊ दिला, मग गाडी एकदाच सपकन नेली आणि पुन्हा न्यूट्रल केली. धावायचं, थांबायचं. रांगायचं नाही म्हणजे नाही.

"क्लच पुरन नं?" सचिननं विचारलं. पांढऱ्या सुटात तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, कारण पायांशी बुटांचा एक डबा होता.

"पुरन. तू चूप बस फक्त."

तेवढ्यात धुरपताआत्यानं खिडकीतून डोकं घातलं. नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपता टिपता तिची नजर डब्यावर गेली.

"हे काय रे?"

"बूट."

"जादाचे? साळ्या चोरतीन म्हणून?"

सचिननं मान डोलावली.

"मोठा हुशार झाला माह्या भाचा!" आत्या खूश. मग आवाज खाली आणून म्हणाली, "नवरीपासून जपून राहजो बरं. लई दौडे म्हणते ते. पहाटेच नदीकाठी जाये, पोलीस भरतीसाठी. बापानं केलं बंद. लगन ठरल्यावर कायची भरती?"

सचिननं डबा पायांनी आणखी आत सरकवला. लग्न आठवडाभर पुढे ढकला, असं तो घरात एकदा म्हणाला होता. हॉल भेटत नाही, असं म्हणून पुंडलिकरावांनी विषय मिटवला होता.

पूल ओलांडला आणि चढ लागला. नेमका चढाच्या मध्यावर बँड थांबला आणि सगळे काका, मामा, मित्र रस्त्यात नाचायला लागले. इथं ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरली असती, तर क्लचची राखच झाली असती. रोशनीनं हँडब्रेक ओढला. तिनं काच खाली करून बँडमास्तरला हाक मारली.

"भाऊ, वरती जाऊन वाजवा नं! तिथं व्हिडिओवाला आहे!"

व्हिडिओवाला म्हटल्याबरोबर अख्खी वरात चढ चढली. समोर रस्ता मोकळा. रोशनीनं पहिला गिअर टाकला, गाडी उचलली, दुसरा येताना पाय अलगद ढिला केला आणि पुन्हा दाबला. झटका नाही, हिसका नाही. लोण्यातून सुरी!

"व्वा!" सचिनला पहिल्यांदा हसू आलं.

हॉलच्या फाटकाशी तिनं गाडी वळवून उभी केली, तोंड हमरस्त्याकडे करून.

"उलटी काऊन लावली?" पुंडलिकराव.

"फोटोले उजेड इकडून चांगला येते, मोठेबाबा."

फोटोग्राफर मुकेश तयारच होता. नवरीला गाडीत बसवून एक फोटो घ्यायचाच, असं सचिननं त्याला कधीचं सांगून ठेवलं होतं. मैत्रिणींच्या घोळक्यातून काजल आली. पांढरी साडी, केसांत मोगरा, नजर खाली. किती लाजाळू, असं बायका म्हणाल्या. सचिन उतरला, तिला आपल्या जागी बसवलं आणि दार स्वतः लावलं.

"बूट! बुटांचा डबा राह्यला आत!" साळ्या ओरडल्या.

"राहू द्या," सचिन म्हणाला.

"ताई, गाडी थोडीशी पुढं घ्या," मुकेश कॅमेऱ्यातून म्हणाला.

सचिन खिडकीशी वाकला. "सायंकाळपर्यंत नाचवतो मी वरातीले," तो हळूच म्हणाला आणि बँडकडे वळून दोन्ही हात उंचावले. "वाजवा रे!"

रोशनीनं गाडी थोडीशी पुढे घेतली. मग आणखी थोडी. मग दुसरा, तिसरा, चौथा. फाटक आरशात काडेपेटीएवढं झालं. काजलनं पायांतल्या मोत्यांच्या चपला काढल्या, डबा उघडला आणि तळांना अजून धाम नदीची वाळू असलेले, सचिनकडे आधीच पोचवलेले आपले धावायचे बूट चढवून नाड्या करकचून बांधल्या.

"बारा वाजता भरतीच्या मैदानाचं फाटक बंद होते," ती म्हणाली. "दाब, रोशनी!"